पोळ्याचा पहिला मान

तीर्थरूप अप्पा,

हे पत्र कुठं टाकायचं ठाऊक न्हाई, तरी लिहायलोय. तुमी इंग्रजांच्या फौजेत गेले तवा मी आईच्या पोटात होतो. सिंगापुरात तुमी आझाद हिंद सेनेत गेल्याची खबर आली. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावरच बंदूक धरली म्हणून गावानं तुमाला नमकहराम ठरवलं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जायची ती आपली जोडी शेवटाला लावली. तुमी परत आलेच न्हाई.

आई म्हणायची, "मान वर ठेव." मला जमलं न्हाई. सोनपेठच्या शाळेत मी सांगितलं, बाप पटकीनं मेला. पंच्याहत्तर वर्षं तेच सांगत आलो.

औंदा माझ्या नातवानं, मंगेशनं, दिल्लीहून सेनेची यादी आणली. तुमचं नाव ग्रामसभेत वाचलं, अन् पहिला मान परत आला. पण आता घरी बैल कुठं? ट्रॅक्टर हाय. गाव म्हणालं, मातीचे चालतील. सजवलेल्या सगळ्या जोड्या थांबल्या. मंगेशची लेक राजनंदिनी पाटावर मातीचे बैल घेऊन पुढं झाली.

रिवाजानं सरपंचबाईंनी विचारलं, "जोडी कुणाची?"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मीच ओरडलो, "माझ्या बापाची! आदिनाथ शिपायाची, आझाद हिंद सेना!"

मग तिच्यासंगं तोरणाखालून गेलो. आंब्याची पानं कपाळाला लागली अप्पा, एवढी मान वर होती.

पटकीनं न मेलेल्या बापाचा लेक,
कल्याण