अर्ध्या वाटेत थांबलेलं चर्च

टॉलिव्हर, टेक्सस. मंगळवार, १४ मार्च १८९३, सकाळचे पावणेसात. स्टेशनातल्या कंदिलाची काच पुसता पुसता तिच्यात माझंच रागावलेलं तोंड दिसलं, म्हणून फडकं ठेवून लिहायला बसलो.

आदरणीय ऑरविल मामांस,

नमस्कार. आपला गुडघा, मामींचा खोकला आणि सहाही खेचरं ठीक असतील अशी आशा आहे. (खेचरांची चौकशी मुद्दाम करतो आहे.) इकडे माझं काही ठीक नाही.

आठ वर्षांपूर्वी रेल्वेने आपल्या जुन्या गावाला बगल देऊन दोन मैल पलीकडून रूळ टाकले, तेव्हा मंडळींनी अख्खं गाव ओंडक्यांवर चढवून रुळांपाशी ओढत आणलं. दुकान आलं, न्हाव्याची खोली आली, खानावळ तर चूल पेटलेली ठेवून आली. चर्च ओढायचं काम आपण घेतलंत. अर्ध्या वाटेत पाऊस झाला, जमीन पेरणीजोगी झाली, आणि आपण खेचरं सोडवून कापूस पेरायला गेलात ते गेलातच. चर्च अजून तिथेच आहे, शेताच्या मध्यभागी, गावाकडे पाठ करून. दर रविवारी लोक मैलभर चिखल तुडवतात आणि माझ्याकडे बघतात. (तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, मामा.)

आता मी दुकानदार क्रम्प्टन यांच्या मिंटीला मागणी घातली आहे. मिंटी राजी आहे. तिचे वडील मात्र चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "लग्न चर्चमध्ये, आणि चर्च गावात. तुझ्या मामाने रस्त्यात टाकलंय ना? मग तूच उचलून आण, जावईबापू." गिऱ्हाइकं हसली. मिंटीही हसली, हे मला जास्त लागलं. नंतर हळूच म्हणते, "अरे, चर्चचं कुठलं? लग्नासाठी दुकान बंद ठेवायला नको, एवढंच आहे त्यांचं."

आपल्या एका पेरणीपायी माझा संसार अडला आहे. हा कुठला न्याय, ते आपणच सांगा.

आपला भाचा,
लूशियस

ता. क. खेचरं घेऊन शनिवारपर्यंत या. जुने ओंडके कुजले. नवे मी तोडून ठेवतो.

आणखी एक ता. क. (सोमवार, ३ एप्रिल) पत्र तीनदा शुद्ध करून लिहिण्यात टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. चर्चच्या पलीकडे कापसातून सरकी काढायचा कारखाना येतो आहे, आणि गाव तिकडे धावत सुटलं आहे. क्रम्प्टनसाहेबांनी चर्चला लागून जागा घेतली, दुकान पुन्हा ओंडक्यांवर चढवलं, आणि चर्च तिथे ठेवायची कल्पना मुळात त्यांची स्वतःचीच होती असं ते सगळ्यांना सांगतात. मी मान डोलावतो. लग्न पंधरा तारखेला आहे. आपण दोघं जरूर या, पण रेल्वेने या. खेचरं दिसली तर लोकांना खरं काय ते आठवेल.