माझा क्लच, बाबांचा पाय

२ नोव्हें., रविवार
क्लच जळला. बाबा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाहून परत येत होते, निजामुद्दीन पुलावर गाडी ओढेनाशी झाली. वास, धूर. टो करून आणली. घरात शिरताच म्हणाले, "भिकार गाडी घेतलीस."
गाडी भिकार नाही. ७२ वर्षांचा एक माणूस डावा पाय पेडलवरून उचलतच नाही. मी मेट्रो आणि कंपनीच्या बसने मानेसरला कामावर मरत जाते, गाडी आठवडाभर यांच्या ताब्यात. तोंडावर सांगितलं, "हाफ क्लचवर चालवता तुम्ही."
"तुला गाडी शिकवली कोणी?"
तुम्हीच. दर चौकात ओरडून.

४ नोव्हें., मंगळ
हाफ डे टाकून फरीदाबादला, सरदारजींच्या गॅरेजमध्ये. गिअरबॉक्स उतरवलेला. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे. डिस्क तर कोळसा. ते म्हणाले, कंपनीचाच सेट टाकू. मी नाही म्हटलं. नवी डिस्क, कडक प्रेशर प्लेट म्हणजे पकड घट्ट, आणि हलकं फ्लायव्हील म्हणजे इंजिन चटकन उसळणारं. डिसेंबरमध्ये मानेसरजवळच्या मैदानावर ऑटोक्रॉसची शर्यत आहे, गेल्या वेळी प्रत्येक स्टार्टला क्लच घसरला होता. कंपनीच्या टेस्टिंगमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे गिअरबॉक्स तपासते, स्वतःची गाडी का म्हणून ढिली ठेवू?
"अंकलजी भी चलाते हैं ना? पेडल भारी हो जाएगा."
"अब नहीं चलाएँगे."
पटकन बोलून गेले. मागे घ्यावंसं वाटलं नाही.

८ नोव्हें., शनि
आणली!! बायपासवर धुरक्यातसुद्धा मजा आली. ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श केला की इंजिन उसळतं, सोडलं की लगेच खाली. दुसरा, तिसरा, कुठेही घसरणं नाही. मात्र सोडताना जरा चुकलं की बंद. सिग्नलला दोनदा बंद पडली. न्यूट्रलमध्ये खडखड वाजते, वाजू दे. काही दिवस हळू चालवायची, डिस्क बसेपर्यंत.
बऱ्याच दिवसांनी गाडीत एकटीच हसले.

९ नोव्हें., रविवार
बाबा पार्किंगमध्ये आले. "हा आवाज कसला?" सांगितलं. हेही सांगितलं की पेडल जड आहे, तुमच्या गुडघ्याला जमणार नाही, यापुढे कॅब करत जा. (डावा गुडघा. मागच्या वर्षी ऑपरेशन. मला माहीत होतं. अर्थात माहीत होतं.)
"घरातली गाडी आहे."
"माझ्या नावावर आहे."
"संसार मोडून झाला, आता गाडी."
घटस्फोटाला चार वर्षं होत आली. या माणसाला अजून तो कुठेही वापरता येतो. वर आले आणि टेबलावरचे पोहे तसेच टाकून खोलीत गेले.

१२ नोव्हें., बुध
आज त्यांनी गाडी काढली. सोसायटीच्या गार्डने सांगितलं. गेटच्या चढावरच दोनदा बंद पडली, गार्ड "साहब, रहने दो" म्हणाला तर त्याच्यावर खेकसले. पुढे सिग्नलला बंद पडली ती चालूच होईना. मागे रांग. एक पोरगेला माणूस उतरला, बॉनेटवर थापा मारून शिव्या दिल्या. शेवटी मागून धावत गेलेल्या गार्डने आणि रिक्षावाल्यांनी ढकलून कडेला लावली. बाबा चालत घरी.
मी आले तेव्हा गुडघ्यावर बर्फाची पिशवी, टीव्ही मोठ्याने. गाडी मी आणून लावली.
बरं वाटलं. खरं तेच लिहिते, बरं वाटलं. जेवताना त्यांनी पाय खुर्चीवर उचलून ठेवला तेव्हा मात्र तिकडे बघवेना.

१६ नोव्हें., रविवार
अबोला. स्वतःचा वरणभात स्वतः लावतात, कुकर मुद्दाम आपटतात. फोनवर आत्याला: "इथे आपली अडचणच होते गं." मी शेजारीच उभी. मी जोरात मिक्सर लावला.

२१ नोव्हें., शुक्र
पुण्याच्या प्लँटहून दुपारी परत. गाडी काढायला गेले. पेडल दाबलं आणि पाय थेट खाली गेला, लोण्यात गेल्यासारखा. खडखड गायब.
मी नसताना त्रिलोकपुरीचा कुठला मिस्त्री बोलावून सगळं बदलून घेतलं. साधा क्लच, साधं फ्लायव्हील.
"माझे पार्ट्स कुठायत?"
"कबाडीला दिले."
मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. वरच्या पाठकांनी खाली डोकावलं एवढं पुरे. बाबा अगदी हळू म्हणाले, "त्या सिग्नलवरचा माणूस 'बुड्ढे, घर बैठ' म्हणाला. निदान तोंडावर म्हणाला. तुला तेवढीही हिंमत नव्हती, म्हणून क्लच बदललास."


२३ नोव्हें., रविवार
पटपडगंजच्या मागच्या गल्लीत तो कबाडी, भंगारवाला, सापडला. पोत्यात तिन्ही पार्ट्स, डिस्क ठीक, प्रेशर प्लेटवर थोडा गंज, फ्लायव्हील शाबूत. घासाघीस न करता उचलले. घरी आणून मुद्दाम डायनिंग टेबलवर ठेवले. बाबांनी आपलं ताट उचललं, गॅलरीत जाऊन जेवले. थंडी होती. स्वेटरही घातला नव्हता.
सरदारजींशी बोलले, पार्ट्स परत बसवायला पुढचा रविवार. त्याच्या पुढच्या रविवारी ऑटोक्रॉस.

२७ नोव्हें., गुरु
बाबा रोज सकाळी गाडी काढतात. काम काहीच नसतं. संजय लेकपर्यंत जातात, परत येतात. गार्ड म्हणाला, "अंकलजी एकदम फिट." मी गार्डवरही चिडले.

३० नोव्हें., रविवार, सकाळ
खुंटीवर माझी चावी नाही. दुसरी त्यांच्याचकडे असते. त्यांच्या खोलीचं दार आतून बंद.
"बाबा, चावी."
"कशाला?"
"माहितेय तुम्हाला."
"मग मी कशानं जायचं?"
"कॅबनं. सांगितलंय."
मग: "अनू, एकदा तरी विचारून बघ. बाबा, गाडी नेऊ का, असं."
माझी गाडी. माझ्या पगाराची. विचारू?
सरदारजींचा फोन येऊन गेला, उचलला नाही. दारासमोर खुर्ची ओढून बसलेय, पार्ट्सचं पोतं पायाशी. आत पलंग करकरला, ते उठलेत बहुतेक. दारापर्यंत आले. कडी काढली नाही. आम्ही दोघंही इथेच आहोत.