विसावं बटण

आदरणीय दाजींना,

तुमच्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे शब्दशः घ्यावं. दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसून, मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद ठेवून लिहितो आहे. सरळ बसलो की वर टांगलेले गिऱ्हाइकांचे कोट डोक्यावरून हात फिरवतात.) तुमची प्रकृती कशी आहे? पाठ अजून धरते का? क्रेनच्या उंच केबिनमध्ये वारा फार लागतो असं तुम्ही मागे म्हणाला होतात, तर कानाला काहीतरी गुंडाळत चला. इकडे आई बरी आहे. तिच्या गुडघ्यांनी तिच्याशी अबोला धरला आहे, बाकी तक्रार नाही. मीही बरा. तुमची मुंगी तर फारच बरी आहे, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुमच्या मागे क्रेन घरघरते, माझ्या मागे शिलाई मशीन खडखडतं, आणि मी नुसता "हो, हो" म्हणून फोन ठेवतो. मग रात्रभर वाटत राहतं की नक्की कशाला हो म्हटलं.

तुम्ही कळवलंत की तिकडच्या शाळेत घेण्याआधी मुलांकडून वीस वस्तू मोजून घेतात, तेव्हा मुंगीला वीस मोजता आले की तुम्ही येऊन तिला घेऊन जाणार. निरोप ऐकून आई म्हणाली, "बरोबरच आहे. बापाची लेक बापाजवळ हवी. शिकव तिला." आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. ताई गेली तेव्हा मुंगीला नीट चालता येत नव्हतं. आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते आणि पुढे जाऊन मला हाका मारते. तेव्हा शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझं गणित तुम्हाला ठाऊक आहे. सातवीत अपूर्णांक आले आणि मी शाळा सोडली, कारण आम्ही दोघं एका वर्गात मावत नव्हतो. शुद्धलेखनात मात्र मला प्रावीण्य होतं. (हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिला आहे.)

म्हणून मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या बालवाडीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाठांतर अजिबात करून घेऊ नका. घरात रोज जे चालतं त्यातूनच मोजायला शिकवा. जिना चढताना पायऱ्या, जेवताना ताटं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या, खाऊची सारखी वाटणी. ऐकायला फारच सोपं वाटलं. दाजी, सोप्या गोष्टींपासून माणसाने जपून राहावं असं माझं मत झालं आहे.

सुरुवात जिन्यापासून केली. आमच्या जिन्यात मधली एक पायरी कोपऱ्यात तुटलेली आहे. मुंगी तिच्यावर पाय देत नाही आणि तिला मोजतही नाही. का, तर "तिला बरं नाहीये, तिला झोपू दे." मी म्हटलं, असं करून चालणार नाही, आजारी असली तरी पायरी ती पायरी, मोजायला हवी. हे पटवून देण्यासाठी मी तिच्यावर पाय ठेवून दाखवला, आणि त्याखालच्या सगळ्या पायऱ्या पाठीने मोजल्या. आवाज ऐकून बाई दार उघडून बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, हे मी सांगितलं नव्हतं." मुंगी वरून ओरडली, "मामा, बघ, उठली ना ती?"

मग ताटांकडे वळलो. आम्ही तिघं, म्हणून ताटं तीन. मुंगी मांडते चार. पहिल्या दिवशी मला वाटलं मोजायला चुकली. मी एक ताट उचललं, तिने ते परत आणून ठेवलं. मी पुन्हा उचललं. (असं बराच वेळ चाललं. शेवटी भात गार झाला आणि आईने आम्हा दोघांनाही सुनावलं.) मग ती म्हणाली की चौथं बाबांचं आहे. आई म्हणाली, "अगं, बाबा तिकडे जेवतात." त्यावर तिने विचारलं, "तिकडे त्यांची ताटं कोण मोजतं?" तेव्हापासून चौथं ताट रोज मांडलं जातं, रोज तसंच उचललं जातं, आणि आई ते न खरकटलेलं ताटही घासते. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. शिकवण्यात कुठे अडतंय ते कळावं म्हणून लिहिलं.

दुकानात झालं ते मात्र लिहायला हात धजत नाही. मी काज-बटणाला बसतो आणि आमच्या मास्तरांची जुनी पद्धत आहे. कापड बेतलं की त्यावर वाटीत बटणं ठेवायची. वाटीत जेवढी बटणं, तेवढे काज करायचे, मध्ये डोकं चालवायचं नाही. मला ही पद्धत फार आवडते. त्या दिवशी आई दवाखान्यात गेली म्हणून मुंगी माझ्याबरोबर होती. बँडमधल्या ढोलवाल्याच्या सदऱ्यावर आठ बटणांची वाटी होती आणि शेजारी एका बाळाच्या झबल्यावर दोन बटणांची. मी दोरा आणायला गेलो. तेवढ्यात मुंगीने पाहिलं की मोठ्या माणसाकडे आठ आणि बाळाकडे दोनच. बाईंनी सारखी वाटणी शिकवायला सांगितली होती, आणि ती मीच शिकवली होती. तिने बाळाला न्याय दिला. मी परत आलो, वाट्या पाहिल्या, आणि दोन्हीकडे पाच-पाच काज केले.

झबलं असं दिसत होतं की बाळ थेट कचेरीतच निघालं आहे. सदरा ढोलवाल्याने आरशासमोर घातला, श्वास सोडला, आणि प्रत्येक दोन बटणांमधून पोट बाहेर डोकावलं. तो म्हणाला, "मास्तर, सदरा सांगितला होता, खिडक्या नाही." मास्तर मला म्हणाले, "तुला वाटी दिसते रे, एवढं मोठं पोट दिसत नाही?" मी मान खाली घालून उसवायला बसलो. पण कुणी बदललं ते कळल्यावर मास्तरांनी मुंगीला उचलून कापायच्या टेबलावर बसवलं. "आठ आणि दोनाचे पाच-पाच केलेस? कुणी सांगितलं?" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला अजून जमणार नाही ते." आणि सरावासाठी त्यांनी तिला एका डब्यात वीस सुटी बटणं दिली.

आता मुद्द्याचं. त्या डब्यातली बटणं मुंगी रोज संध्याकाळी खिडकीत बसून मोजते. न अडखळता एकोणीसपर्यंत जाते आणि थांबते. डब्यात पुढे बटणच नसतं. मी दुसरं आणून टाकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. तेव्हा माझं प्रामाणिक मत असं की तिची तयारी झालेली नाही, आणि यंदा तुम्ही उगाच येण्याजाण्याची दगदग करू नये. पुढच्या वर्षी पाहू. शाळा कुठे पळून जात नाही.

तब्येतीला जपा. आईचे तुम्हाला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, "एवढं शुद्ध लिहिलंस आणि खोटं लिहिलंस?" तेव्हा खरं ते लिहितो. मुंगीचा झगा धुताना त्याचा खिसा दगडावर खडखडला. रोजचं विसावं बटण तिथे जात होतं. मला शंका आली म्हणून एकदा तिच्या नकळत डब्यात तेवीस बटणं करून ठेवली. तरी एकोणीसच निघाली, आणि खिशात नवी चार. दाजी, तिला वीस येतात. वीसच्या पुढचेही येतात, आणि वजाबाकीही येते, जी मी शिकवलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वीस झाले की बाबा नेतात ना? मग होऊ नाही द्यायचे." मी म्हटलं, बाबा नकोत का तुला? माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच मोजता येत नाही. म्हणाली, "हवेत. आजी पण हवी. तू पण. म्हणून तर चार ताटं."

मी ती चारही बटणं परत तिच्या खिशात टाकली.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तर मुंगी आली आणि विचारलं कुणाला लिहितोस. बाबांना, म्हटल्यावर खिशातून एक निळं बटण काढून तिने पाकिटात टाकलं. निरोप तिच्याच शब्दांत देतो: "बाबांना सांग, बाकीची एकोणीस इकडे आहेत. मोजायची असतील तर इकडे यावं लागेल. जेवायला या म्हणावं."

तेव्हा जेवायला या. चार दिवस रजा काढून या. ताट मांडलेलंच असतं. त्या चार दिवसांत तिला काही मोजायला सांगू नका, एवढीच माझी विनंती. नंतर तिला न्यायचं ठरवलंत तर मी आडवा येणार नाही. तिच्या झग्यांची बटणं मी आत्ताच दुहेरी दोऱ्याने पक्की करून ठेवतो आहे, तिकडे गेल्यावर तुटायला नकोत.

येताना निळं बटण आठवणीने आणा. ते आणलंत की तिचे वीस पुरे होतील. आणि विसरलात, तरी आम्ही कुणी काही म्हणणार नाही.