मावार्दीचं पाऊल

प्रिय अफ्रिझाल,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. खरं सांगायचं तर काय लिहावं तेच ठरत नव्हतं. जकार्ताला नीट जेवतोस ना? तुझ्या आईने मांसाचं रेंदांग पाठवलंय, ते पोचलं का? डबा वाटेत फुटला तर नसेल, ही मला आपली उगाच काळजी.

तू विचारलंस, "मामा, या सिनेमात मारामारी नाही. एकच खून आहे, तोही पापणी लवायच्या आत. आजवर लाथा मारून नाव कमावलं, आता नुसता उभा राहिलो तरी खुनी वाटलो पाहिजे. कसा उभा राहू?" ही बातमी इथे चहाच्या टपरीवरही आलीय. बाजार समितीचा अध्यक्ष मावार्दी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "काय वस्ताद, भाच्याचे गुडघे गेले वाटतं! आता पडद्यावर नुसता डोळे वटारणार?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या पोराला, दसरिलला मारणाऱ्या माणसासमोर मी अंडं फेटून घातलेला चहा पीत हसलो, अफ्रिझाल.

तू तेव्हा शूटिंगसाठी परदेशात होतास, म्हणून सगळं तुला कधी सांगितलंच नाही. मावार्दी तेव्हा बाजारात हप्ता गोळा करायचा. दसरिलने त्याला चारचौघांत सुनावलं, "दुकान माझं, घाम माझा. तू कोण रे?" दुसऱ्याच दिवशी तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस मासळीच्या गल्लीतून दसरिलच्या दुकानाशी आला. मी समोरच मिरच्या निवडत होतो. सुरा काढण्याआधी त्याने डावं पाऊल मागे ओढलं, टाच मातीत फिरवली आणि तळहात जमिनीकडे दाबला. आपल्या सिलाटच्या युद्धकलेत वस्तादाला स्मरून त्याचं पाऊल टाकल्याशिवाय कोणी हात उचलत नाही, आणि प्रत्येक वस्तादाचं पहिलं पाऊल वेगळं. हे पाऊल म्हाताऱ्या जमारिसचं. त्याचा चेला एकच, मावार्दी. तोंड झाकायचं सुचलं मेल्याला, पाय आवरायचं नाही! कोर्टात मी हेच सांगितलं. त्याचा वकील म्हणाला, "आजोबा, पावलावरून माणूस ओळखता? मग चपलेवरून त्याच्या बापाचं नावही सांगा." मावार्दी सुटला. आता तुझा सिनेमा बाजाराच्या मैदानात पडदा लावून दाखवणार, आपण पहिल्या रांगेत बसणार, असं तो गावभर सांगत फिरतोय.

म्हणून हे लिहितोय. सिनेमातल्या त्या खुनाच्या वेळी मी शिकवलेलं माझं पाऊल टाकू नकोस. त्याचं टाक. डावा पाय मागे, टाच फिरव, तळहात खाली. घाई करू नकोस. तुझ्या दिग्दर्शकाला काही कळायचं नाही, पण आपल्या खोऱ्यातली शेंबडी पोरंसुद्धा ओळखतील आणि मैदानातलं एकेक तोंड पहिल्या रांगेकडे वळेल. तेव्हा त्याचा चेहरा मला बघायचाय. परक्या वस्तादाचं पाऊल टाकणारा आपल्या वस्तादाला मेलेला समजतो, हे मला ठाऊक आहे. लोक म्हणतील, भाच्याने मामाला सोडलं. म्हणू देत. मीच तुला मोकळं करतो. भीती एवढीच, की तो तुझ्यावर माणसं घालेल, तुझी आई मला शिव्याशाप देईल. तरीही टाक. तो प्रसंग अजून चित्रित झाला नाही ना? झाला असेल तर पुन्हा घ्यायला लाव. हो की नाही, एवढं तरी लगेच कळव रे. जीव टांगणीला लागलाय.

तुझाच,
मामा