स्नेहलची भाषा, माझी भाषा

सोम., ४ ऑगस्ट
ऑफिसात नवं काम येतंय. विम्याचे दावे तपासणारं सॉफ्टवेअर. प्रमुख मी की स्नेहल, सर महिनाअखेर सांगणार. मी कॉलेजपासून जावात कोड लिहितेय. ही गोवंडीची पोरगी परवा-परवा आली आणि अख्खं अंधेरी ऑफिस तिच्या टेबलाभोवती. ती हास्केल नावाच्या कोडच्या भाषेत लिहिते. माझं चार पानांचं काम तिच्या मूठभर ओळींत. आणि त्या ओळी चालतात, हेच तर दुखणं.

बुध., ६ ऑगस्ट
डबा खाताना स्नेहलचं प्रवचन. "हुशार माणूस स्वभावाप्रमाणे भाषा निवडतो ना. चुकायची भीती असेल तर कडक नियमांची, म्हणून मी हास्केल. घाई असेल तर पायथन."
मी विचारलं, "आणि जावावाले?"
"ते विश्वासू गं. घर चालवतात."
सगळे हसले. मीही. मुलुंडला घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात. डाळ करपली. विश्वासू म्हणे! कुत्र्याला म्हणतात तसं.

रवि., १७ ऑगस्ट
गुपचूप हास्केल शिकतेय. नवरा मालवणीत, "पण तुका आवडता काय ता?"
नाही आवडत. तिच्यासारखं डोकं हवंय, बस.

गुरु., २१ ऑगस्ट
माझ्या कामाचा एक भाग हास्केलमध्ये लिहून स्नेहलकडेच तपासायला दिला. दुसऱ्याने वाचल्याशिवाय आमच्याकडे काही पुढे जात नाही. तिनं वाचलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच, "अगं, ही जावाच आहे. नुसते कपडे हास्केलचे."
खरं होतं. चारचौघांत बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

शुक्र., २९ ऑगस्ट
सरांनी दोघींना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत स्नेहल, "सर, जावात करूया. प्रमुख हिला करा. उद्या मी सोडून गेले तर माझं हास्केल कोण दुरुस्त करणार? हिचं कुणालाही वाचता येतं."
सरांना पटलं. मला म्हणाले, सोमवारी कळव.
म्हणजे हवं ते मिळतंय. पण तिनं दिलं म्हणून.
बाहेर आल्यावर विचारलं, "दया आली का गं माझी?"
"वेडी आहेस का? तुझं सरळ लिहिणं मला सात जन्मांत जमणार नाही. जळते मी तुझ्यावर, यार." आणि हसत चहाला गेली.
किती सहज म्हणाली! मला हे तिला कधीच म्हणता आलं नाही. त्यातही तीच पुढे.
सरांना काय कळवू, अजून ठरत नाहीये.