मोजा आणि बटण यांचा जिवंत खाऊ

५ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. आरंभ घरच्यांच्या तब्येतीने करतो. आपली प्रकृती कशी? उत्तम. रक्तदाब वर दाखवतो, पण ते यंत्रच जुनं झालंय. हिची कशी? गुडघे धरलेत, तोंड ठणठणीत. मुलीची? फोनवर आवाज बसलेला वाटला. हवा कोरडी असणार. नातीची? नऊ वर्षांची पोर. जेवते, शाळेत जाते, फक्त बोलत नाही. आईबाप वेगळे झाले, मायलेकी दुसऱ्या शहरात दोन खोल्यांत राहायला गेल्या, तेव्हापासून तोंडाला कुलूप. तिथला घरमालक प्राणी ठेवू देत नाही, म्हणून तिचे दोन ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यातच राहणारे सरड्यासारखे जीव, आमच्या न्हाणीघराशेजारच्या गार कोपऱ्यात, काचेच्या टाकीत. मोजा कसा आहे? पांढरा, लांब, वाळत घातल्यासारखा लोंबतो, मजेत. बटण कशी आहे? लहान, काळे टपोरे डोळे, मानेभोवती पिसांसारखे कल्ले, मजेत.
एकूण परिस्थिती समाधानकारक.

६ जानेवारी
नातीने सोबत एक डबा दिलाय. आत कोरड्या गोळ्या. एक दिवसाआड प्रत्येकी दोन, असं वहीच्या पानावर लिहिलंय. खाली : ‘आजोबा, दुसरं काही देऊ नका.’
पोरीला काय कळतं? जन्मभर कोणी बिस्किटांवर राहतं का? मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. सगळं स्वतः शिकलो. एक पुस्तक आणलं, चार व्हिडिओ पाहिले. या जिवांना हलतं, वळवळतं, ताजं खाणं लागतं.
संकल्प : तीन आठवड्यांत घरच्या घरी जिवंत खाऊ. गोळ्या बंद. डबा वरच्या फळीवर.

९ जानेवारी
पहिला मान आर्टेमियाला. ही समुद्री कोळंबीची अगदी धाकटी चुलत बहीण. अंडी पुडीत मिळतात. बाटली उलटी टांगायची, खारं पाणी, हवेची नळी. ही म्हणाली, सलाइन कोणाला लावलंय? मी नळी सरळ केली.

११ जानेवारी, दुपारी १
जन्मली! केशरी धूळ पाण्यात नाचतेय. डोळे भरून आले. हिला बोलावलं. ती म्हणाली, चष्मा नाही. चष्मा डोक्यावर होता.

१२ जानेवारी
सगळी बाटली टाकीत ओतली. मोजाने बघितलंसुद्धा नाही. बटण त्या धुळीतून माझ्याकडे बघत राहिली. ॲक्वेरियमवाल्याकडे गेलो. तो हसला. काका, ते पिल्लांचं खाणं, तुमचे दोघे वीतभर आहेत, ते काय गाळून खाणार का, म्हणाला. असली माणसं गोळ्या विकायला बसलेली असतात.

१५ जानेवारी
आता डाफ्निया. पाण्यातली पिसू. गच्चीत दोन बादल्या. पहिली खेप नळाच्या पाण्यात सोडली, तासाभरात तळाशी बसली. नळाच्या पाण्यात मारक औषध असतं म्हणे. मी सत्तर वर्षं तेच पाणी पितोय.
नातीचं पत्र. तीन ओळी. ‘दोघं कसे आहेत? पाणी गार ठेवा. मी बरी आहे.’
मुलगी फोनवर हिला म्हणाली, पोर घरात हूं की चूं करत नाही, पण आजोबांचं पत्र आलं की स्वतः उघडते आणि त्याच दिवशी उत्तर लिहिते. म्हणजे मोजा-बटण आहेत तोवर पत्र आहे. जबाबदारी मोठी आहे. म्हणूनच गोळ्यांवर भागवून चालणार नाही.

१९ जानेवारी
डाफ्निया अजून मोजक्याच. दोघांना धीर धरायला सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशीही मी असाच बोलत राहायचो.

२१ जानेवारी
बटणचा पुढचा उजवा पाय नाही. मनगटापासून गेला. मोजाच्या तोंडात काहीतरी होतं, मग नव्हतं.
खेळता खेळता झालं असणार.
ही म्हणाली, भुकेने झालं. मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. ती उठली आणि फळीपाशी गेली. का गेली, विचारलं नाही.

२२ जानेवारी
पुस्तक म्हणतं, ॲक्सोलॉटलचा तुटलेला पाय पुन्हा येतो. हाडासकट, बोटांसकट. नातीला लगेच पत्र. सविस्तर. कशाने तुटला तेवढं गाळलं.

३० जानेवारी
नातीचं उत्तर. दीड पान! पाय किती आला, कुठून येतो, दुखतो का, बोटं आधी येतात की पंजा. दर आठवड्याला मोजून कळवायचं फर्मान. मुलगी म्हणाली, ती आज जेवताना आपणहून बोलली. पायाबद्दल.
एवढं सगळं एका पायाने झालं. मोजाला रागावणार होतो, राहू दिलं.

८ फेब्रुवारी
गच्चीतल्या बादल्यांत डास झाले. शेजारीण वर येऊन गेली. ती बोलत असताना तिच्या कपाळावर एक डास बसला, त्यामुळे माझी बाजू लंगडी पडली. बादल्या ओतल्या. काही बिघडत नाही. दोघेही अंगाने भरलेत, डाफ्नियाचा गुण दिसतोच आहे.
बटणच्या मनगटाला तांदळाएवढा कोंब.

१३ फेब्रुवारी
आता गांडुळं. हेच खरं खाणं, पुस्तकही तेच म्हणतं. सिंकखाली लाकडी खोकं, ओला कागद, भाज्यांची सालं. चाळीस गांडुळं आणून सोडली. ही म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात गांडुळं राहणार आणि मी कुठे जाऊ? मी म्हणालो, जागा पुरेशी आहे. तिला कोणाबद्दल म्हणालो ते कळलं नसावं.

२० फेब्रुवारी
वरच्या फळीवरचा गोळ्यांचा डबा अर्धा रिकामा. मुंग्या! मुंग्या इतकं खातात याची कल्पना नव्हती. डबा कचऱ्यात टाकला. ही तेव्हा भाजी आणायला गेली होती.

२४ फेब्रुवारी
खोक्यात पहिली पिल्लं. पांढऱ्या दोऱ्याएवढी. रोज सकाळी झाकण उघडून चौकशी करतो. सालं बारीक चिरून देतो, कडू काकडी देत नाही.
उद्या पहिलं गांडूळ बटणला.

२५ फेब्रुवारी
गांडूळ उचललं. बोटाभोवती वळसा घालून बसलं. परत ठेवलं. अजून कोवळी आहेत.

२८ फेब्रुवारी
अजून कोवळीच आहेत. ही म्हणाली, म्हातारपणी सांभाळतील म्हणून वाढवताय का? मग डबा कुठे गेला म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. मुंग्यांचं सांगितलं. तिने रिकामी फळी पुसली. म्हणाली, नवा आणा. हो म्हणालो. आणायचा नाही, असं ठरवलं.

१ मार्च
बटणच्या नव्या पायाला दोन टोकं फुटली. दोन बोटं! मोबाइलवर फोटो काढले, चार. एक छापून नातीला धाडला.

४ मार्च
मुलीला ताप. ही तिच्याकडे गेली, पंधरा दिवसांसाठी. निघताना दारात थांबून म्हणाली, माणसांचं मी बघते, त्या दोघांना वेळेवर घाला. मी म्हणालो, निश्चिंत जा.

८ मार्च
मोजा बारीक वाटतो. ऋतू बदलतोय. काल बटणच्या शेपटीकडे तोंड नेत होता. मध्ये काचेची पट्टी उभी केली.

१० मार्च
खोकं उघडलं. साठ तरी असतील, तजेलदार. एक निवडलं. मागच्या वेळी वळसा घालून बसलेलं हेच असावं असं वाटलं. दुसरं निवडलं. तेही ओळखीचं. झाकण लावलं.
हळवेपणा नाही हा. पैदाशीसाठी मूळ साठा राखावाच लागतो.
तोडगा : परकी गांडुळं आणावीत. समोरच्या सार्वजनिक बागेत भरपूर.

१२ मार्च, सकाळी ८
बागेत भिंतीलगतच्या पट्ट्यात माती उकरली. लांब, सुस्त, हातात येणारी. पळापळ नाही. सहा घेतली. पट्ट्याच्या टोकाला पाटी होती : लाल रेघ आणि कुत्र्याचं चित्र. माझ्याकडे कुत्रा नाही. माळी लांबून हात हलवत ओरडत होता. काहींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

त्याच दिवशी, ९
मोजाने घशात ओढलं, गप्पकन. बटणने दोन खाल्ली, मान झटकून झटकून. दोन महिन्यांत असं खाणं पाहिलं नव्हतं. टाळी वाजवली. नातीला आजच पत्र : जिवंत खाऊ यशस्वी.

१३ मार्च
मोजा कुशीवर तरंगतोय. पोट जड झालं असणार.

१३ मार्च, दुपारी
बटण काचेवर आपटते आहे. पाणी बदललं. गार बाटली ठेवली. पुन्हा बदललं.

१४ मार्च
मोजा.

१४ मार्च, संध्याकाळी
बटणसुद्धा.

१५ मार्च
जुन्या रुमालात गुंडाळून बागेत नेलं. झाडाखाली खणत होतो तर माळी आला. आजोबा, परवा केवढा ओरडलो तुम्हाला, म्हणाला. त्या पट्ट्यात मुंग्यांचं औषध मारलंय, पाटी लावली होती ना. मग रुमालाकडे बघितलं. माझ्या हातून खुरपी घेतली आणि खड्डा त्यानेच खोल केला. मऊ माणूस आहे.
मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही. मुंग्यांचं औषध मुंग्यांसाठी असतं.

१९ मार्च
ही आली. रिकाम्या टाकीसमोर पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बसली. मी माळ्याचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, वयाचं सांगितलं. तिने तिन्ही ऐकून घेतलं. मग म्हणाली, तो पाय तुटला त्या दिवसापासून मीच गोळ्या घालत होते, तुम्ही आंघोळीला गेलात की.
म्हणजे मुंग्यांवर मी अन्याय केला. डाफ्नियाच्या श्रेयाचाही फेरविचार करावा लागेल.
ती जेवली नाही. मीही. नंतर दोघांनी चहा घेतला.

२२ मार्च
नातीला पत्र : दोघे मजेत, पाय वाढतोय. हिने पेटीत टाकायला नकार दिला. म्हणाली, तुमचं खोटं तुम्हीच वाहा. मी गेलो. पेटीपर्यंत पाच मिनिटं लागतात, वीस लागली.
हे खोटं नाही, स्थगिती आहे. पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे.

२९ मार्च
नातीचं पत्र. चार पानं!! शाळेत बाईंनी आवडत्या प्राण्यावर बोलायला सांगितलं तर ती उठली. सगळ्या वर्गासमोर बटणच्या पायाबद्दल बोलली. सात मिनिटं. मुलं विचारत होती, ती उत्तरं देत होती. वर्गात लावायला नवा फोटो हवाय, या आठवड्यात.
मुलगी फोनवर रडत होती. आनंदाने. हिने फोन माझ्याकडे दिला. मी म्हणालो, हो हो, पाठवतो.

३० मार्च
योजना : पाय पूर्ण आला की मोठ्या झालेल्या प्राण्यांना तळ्यात सोडलं, असं कळवायचं. किंवा हुबेहूब दोन नवे आणायचे. ॲक्वेरियमवाल्याकडे गेलो. पांढरे आहेत म्हणाला. पण काका, तुमच्या त्या दोघांचं काय झालं? मी चौकशीसाठीच आलो होतो म्हणालो.

१ एप्रिल
एक मार्चच्या चार फोटोंपैकी दुसरा छापून धाडला. जवळजवळ निराळा दिसतो. मुलं काय इतकं बघतात?

९ एप्रिल, सकाळी ११
पत्र. पाकिटात माझे दोन्ही फोटो परत. दोन्हींवर पेन्सिलने गोल काढलेत : बोटं दोन, दोन. काचेवरचा बुडबुडा, तोच, तिथेच.
कागदावर एकच ओळ. ‘आजोबा, महिनाभरात एकसुद्धा नवं बोट आलं नाही?’

९ एप्रिल, दुपारी
उत्तराचे मसुदे. पहिला : पाणी गार असल्यामुळे वाढ मंदावली. फाडला. दुसरा : कॅमेऱ्यात दोष. फाडला. तिसरा : पुस्तकानुसार क्वचित असंही होतं. ही समोर बसून लसूण सोलत होती.  सोललेला लसूण पुन्हा सोलत होती. तिसराही फाडला.

१० एप्रिल, सकाळी १०
धाडलेल्या पत्राची नक्कल :

बाळा,
मोजा आणि बटण गेले. चौदा मार्चला, दोघेही एकाच दिवशी. बटणचा पाय त्यानंतर वाढला नाही, कारण बटणच नव्हती. फोटो जुना होता. तू बरोबर ओळखलंस.
ते आजाराने गेले नाहीत. मी बागेतली गांडुळं आणून घातली. त्या मातीत औषध मारलेलं होतं. पाटी होती. ती मी पाहिली होती. तू दिलेला डबा मी टाकून दिला होता. घरात माझी चांगली गांडुळं होती, ती खायला घालायचा मला धीर झाला नाही. याचं कारण लिहायला बसलो तर ते कारणच वाटत नाही.
पाय मोजाने भुकेपोटी तोडला होता. खेळताना नव्हे.
मग जवळजवळ तीन आठवडे खोटं लिहिलं, कारण मला वाटलं, ते दोघे नाहीत हे कळलं तर तू पुन्हा लिहिणार नाहीस. अजूनही तसंच वाटतंय.
वर्गातल्या मुलांना काय सांगायचं ते तू ठरव. आजोबांनी मारले म्हणालीस तरी ते बरोबरच आहे. पण सांग. उभी राहून सांग. गप्प बसू नकोस.
तुझ्या आजीचे गुडघे दुखतात. ती तुझी आठवण काढते. मी बरा नाही.
माझ्याकडे आता कळवण्यासारखं काही राहिलेलं नाही, तेव्हा पुढचं पत्र तुझंच यायला हवं. रागाचं असलं तरी चालेल. एक ओळ असली तरी चालेल. पण बाळा, उत्तर लवकर लिही.