चावी आढळून येत नाही

सावळझरी, ता. आर्वी
९ नोव्हेंबर

ती. आत्यास सप्रेम जयभीम वि. वि.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तू बाहेर पडलीस त्याला आठ महिने झाले. सकाळ-सकाळ गुलाबाची चित्रं पाठवणाऱ्यांशी आपला संबंध नाही, ज्याला बोलायचं त्यानं पोस्टाचं पाकीट विकत घ्यावं, असं तू जाहीर केलंस तेव्हापासून बाबा रुसले आहेत. त्यातले अर्धे गुलाब त्यांचे होते. मी मात्र पाकीट घेतलं. आर्वीच्या पोस्टातल्या बाईंनी ते शोधायला वीस मिनिटं लावली आणि कुठल्या भरतीचा अर्ज आहे असं विचारलं.

विषय आमच्या गटाचा आहे. 'पुढाकार युवा गट' दीड वर्षापूर्वी मी सुरू केला हे तुला माहीत आहे. पंधरा ते बावीस वयाची एकतीस पोरंपोरी, आणि मी त्यांची समन्वयक, म्हणजे बिनपगारी. दर रविवारी शाळेच्या ओट्यावर सभा होते. मी त्यांना नेतृत्व शिकवते, सहभाग शिकवते, प्रश्न विचारायला शिकवते.

सध्या मागणी एकच आहे. ग्रामपंचायतीच्या मागची बंद खोली आम्हाला अभ्यासिकेला हवी. आमची काजल एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते. घर एका खोलीचं, त्यात पाच माणसं आणि एक टीव्ही, म्हणून ती गोठ्यात बसते. गेल्या महिन्यात बैलानं तिच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकाची आठ पानं खाल्ली. ती म्हणते, बैल आता लेखी पास व्हायले हरकत नाई, मीच मागं राहून राह्यली.

पण सरपंच बबनरावांना ती खोली पुतण्याच्या खताच्या गोदामाला द्यायची आहे. कोणालाही द्यायची तर ग्रामसभेचा ठराव हवा, आणि ग्रामसभेला शंभर मतदारांच्या सह्या हव्यात. दोन ऑक्टोबरच्या सभेला दसरा आडवा आला. अर्धं गाव दीक्षाभूमीला नागपुरात, उरलेलं सोनं वाटण्यात, सभेला सात माणसं. खोलीचा विषय तेव्हा यादीत नव्हता, तो आता सव्वीस जानेवारीला आहे. त्या दिवशी शंभर भरले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग बबनरावांची सात माणसं हात वर करतील आणि काजल गोठ्यातच राहील.

ग्रामसेवकांनी दप्तर काढून दाखवलं. त्यात लिहिलं आहे: वाचन खोली एक, कुलूप एक, चावी आढळून येत नाही. कुलूप तोडायलाही ठराव लागतो म्हणे. त्यामुळे इतकी वर्षं कोणी तोडलंच नाही.

मी काय करू ते कळव. लोभ तुझ्याकडे भरपूर आहे हे ठाऊक आहे, या खेपेला तो सल्ल्याच्या रूपानं पाठव.

तुझी,
पौर्णिमा


वर्धा
१७ नोव्हेंबर

चि. पौर्णिमास जयभीम व अ. उ. आ.

पाकीट पोचलं. श्रावणदादाला सांग, गुलाबांशी माझं वैर नाही, पण रोज सकाळी सहाला कोणी दार वाजवून गुलाब दिला तर माणूस पोलिसांत जातो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आत्या म्हणून, दुसऱ्यांदा अव्वल कारकून म्हणून. सभा तू बोलावतेस, विषय तू ठरवतेस, प्रश्न विचारायला तू शिकवतेस, आणि तुला ओळखते म्हणून सांगते, उत्तरही तूच देत असशील. हजेरीचं रजिस्टर कोणाच्या पिशवीत असतं? खडू कोणाच्या? आमच्या हापिसात एक साहेब होते. सर्वांनी मोकळेपणानं मत मांडावं म्हणायचे, आणि मतं मांडून होईपर्यंत इतिवृत्त टाइप होऊन आलेलं असायचं. पोरी, तू त्या गटाची समन्वयक कमी आणि सासू जास्त आहेस.

सल्ला मागितलास म्हणून देते. सव्वीस जानेवारीपर्यंत सभेत तोंड उघडू नकोस. मागच्या ओळीत बस. रजिस्टर त्यांच्या हवाली कर. फार बोलावंसं वाटलं तर तोंडात सुपारीचं खांड धर. जमलं तर वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा एक डबा माझ्याकडून. जमणार नाही याची मला खात्री आहे, म्हणून डबा अजून आणलेला नाही.

चावीच्या चौकशीत वेळ घालवू नका. जुन्या गोष्टी असतात, हरवतात.

थंडी पडली आहे. काजलला म्हणावं गोठ्यात बसायचं तर शाल घेऊन बस. माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर कळव. आला नसेल तर जरूर कळव, म्हणजे काय लिहायचं राहिलं ते मी पाहीन.

तुझी आत्या,
यशोधरा


सावळझरी
१२ जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जयभीम वि. वि.

राग आला होता. तो उतरायला डिसेंबर संपावा लागला, म्हणून उत्तराला उशीर.

गेले आठ रविवार मी तोंड उघडलेलं नाही. पहिल्या रविवारी अकरा मिनिटं कोणीच बोललं नाही. एक बकरी आली, सभेतून आरपार गेली, तिच्याकडेही सगळ्यांनी अपेक्षेनं पाहिलं. मग काजलनं चिठ्ठ्या टाकल्या. दर रविवारी ज्याचं नाव निघेल तो अध्यक्ष. पुढच्या खेपेपासून सभा वेळेवर सुरू व्हायला लागल्या. मला जरा वाईटच वाटलं.

पण आता ऐक तुझ्या सल्ल्याचं फळ. ग्रामसभेला लोक यावेत म्हणून फ्लेक्स लावायचं ठरलं. अंकित त्या दिवशी अध्यक्ष. फलकावर फोटो कोणाचे, यावर दोन तास चर्चा झाली. नेतृत्व सगळ्यांचं, सहभाग सगळ्यांचा, सबब फोटोही सगळ्यांचे, असा ठराव एकमतानं पास. मी सुपारी चावत बसले होते. काल फलक फाट्यावर लागला. वर गटाचं नाव, मध्ये एकतीस फोटो, खाली 'आपले नम्र'. संपलं. तारीख नाही, वेळ नाही, ग्रामसभा हा शब्दसुद्धा नाही. जागाच उरली नाही म्हणे.

गावाला वाटतं कोणाचा तरी वाढदिवस आहे. एवढ्या साऱ्यांचा एकाच दिवशी कसा, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. बबनरावांनी फाट्यावर अंकितला थांबवून शुभेच्छा दिल्या, आणि म्हणाले, सव्वीस तारखेले सभेत नको येजो बापा, घरीच केक काप. एकतिसांपैकी एकोणीस जण अठराच्या आतले, म्हणजे सहीला चालत नाहीत. उरले बारा. अठ्ठ्याऐंशी माणसं कुठून आणायची?

तर मी ठरवलं आहे की हा फलक काढायचा, आर्वीहून मजकुराचा नवा करून आणायचा आणि सभेचं सगळं पुन्हा माझ्या हातात घ्यायचं. तुझा डबा गेला, जाऊ दे.

आणखी एक. काजलनं पंचायतीसमोर राहणाऱ्या जिजाबाईंना, म्हणजे अंकितच्या आजीला, चावीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, एक पोरगी चालवत होती ते वाचनालय, जिभेनं लय तिखट, नोकरी लागली तं चावी घेऊन गेली. नाव विचारलं तर हसल्या आणि मला म्हणाल्या, तुया घरी विचार. बाबांना विचारलं. ते मोबाइलमधले गुलाब पाहत राहिले.

तुला काही माहीत असेल तर लिही. नसेल तरी लिही.

तुझी,
पौर्णिमा


वर्धा
१८ जानेवारी

चि. पौर्णिमास अ. उ. आ.

ती पोरगी मी.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमचं युवा मंडळ होतं. ती खोली पंचायतीकडून आम्हीच मागून घेतली होती. अध्यक्ष मी, सचिव मी, ग्रंथपाल मी, झाडूही मीच मारायची. एकशेचाळीस पुस्तकं होती. मंडळातल्या प्रफुल्लनं एकदा नोंद न करता एक पुस्तक मावसभावाला दिलं, त्या दिवसापासून चावी मी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. वर्ध्याला नोकरी लागली तेव्हा पर्समध्ये टाकून घेऊन आले. येते की पुढच्या रविवारी, म्हणाले.

चार रविवार मी आले. पाचव्याला ताप होता. सतरा जण पायरीवर तासभर बसून घरी गेले. मग एक दिवस प्रफुल्ल चावी मागायला एसटीनं इथवर आला. मी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि रविवारी मीच येते म्हणून रिकाम्या हाती परत पाठवला. त्याच महिन्यात हिंगणघाटला बदली झाली. पुढं मंडळ मोडलं. आधी मी म्हणत असे, बघा, माझ्याशिवाय चाललं नाही. हे वाक्य मी बरीच वर्षं अभिमानानं म्हटलं आहे.

प्रफुल्ल आता पुलगावच्या डेपोत आहे. लग्नाकार्यात भेटला की हसून बोलतो, चहाला चल म्हणतो. चावीचं नाव काढत नाही. त्यानं एकदा शिव्या घातल्या असत्या तर मी तिथंच देऊन टाकली असती.

तेव्हा तुला सासू म्हटलं ते कामाच्या अनुभवावर म्हटलं. गेल्या पत्रात चावीवर चार ओळी लिहून खोडल्या होत्या.

श्रावणदादा परवा कापसाच्या कामानं इकडे येणार आहे. त्याच्याजवळ गोरसपाकचा डबा देते. डबा गमावलास असं तू लिहिलंस, पण आठ रविवार धरून बसलीस हे माझ्या अंदाजापेक्षा सात जास्त आहेत. तळाच्या कागदाखाली चावी आहे. ती काजलच्या हातात दे. स्वतःजवळ ठेवू नकोस, एक दिवससुद्धा नको. आपल्या घराण्यातल्या पर्सेस फार खोल असतात.

आणि तो फलक काढू नकोस. चूक त्यांची आहे, त्यांना काय करायचं ते करू दे. खोली गेली तर मला शिव्या घाल. तेवढा हक्क या पत्रानं तुला लेखी देते आहे.

तुझी आत्या,
यशोधरा


सावळझरी
२७ जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जयभीम वि. वि.

डबा पोचला. बाबांनी वाटेत दोन खाल्ले, पण तळापर्यंत गेले नाहीत.

चावी मी रविवारी सभेत काजलच्या हातात दिली आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. गोरसपाक खाणंही थांबलं. मग अंकित म्हणाला, आपला बॅनर तं याच्याहून लहान मिस्टेक हाये. सगळे हसले आणि कामाला लागले.

फलक नवा करावा हे माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात काजलनं विचारलं की फाट्यावर माणसं त्या फलकापाशी थांबतात का. थांबतात. कशासाठी? फोटो पाहायला. मग तो तिथं कशाले पाह्यजे, म्हणाली, जिथं सही कराची तिथं लावू.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की पोरांनी फलक पंचायतीच्या आवारात, अगदी आतल्या भिंतीवर लावला. हजेरीचं टेबल फाटकात. एकतीस जण आपापल्या घरी गेले आणि एवढंच म्हणाले की माया फोटो पंचायतीत लागला, पाहाले चाल. बाकी कोणाला काही सांगावं लागलं नाही. आया आल्या, मावश्या आल्या, लग्न होऊन याच गावात दिलेल्या आत्या आल्या. जिजाबाई काठी टेकत आल्या आणि अंकितचा फोटो कोपऱ्यात घातला म्हणून ग्रामसेवकांना झापलं. तो ओळीत पहिला आहे असं काजलनं समजावल्यावर त्यांनी अंगठा दिला आणि तिथंच बसल्या, कोणी हलवू नये म्हणून. एकशे सतरा सह्या झाल्या, आत्या. ग्रामसेवकांनी तीनदा मोजल्या. त्यांच्या नोकरीत असं झालं नव्हतं.

बबनराव म्हणाले, पोट्टेहो, मले आधी सांगतलं असतं तं केक आणला असता. गोदामाचा विषय त्यांनी वाचला. पण पुतण्याची पोरगी फलकावर तिसऱ्या ओळीत आहे. तो बराच वेळ फोटोसमोर उभा होता, आणि गोदामाला हात वर करायची वेळ आली तेव्हा छताचं निरीक्षण करत राहिला. हात दोनच वर झाले. मग अभ्यासिकेचा ठराव काजलनं मांडला. पास झाला. मी शेवटच्या ओळीत होते. मला बोलायला कोणी सांगितलं नाही, आणि ते चांगलं की वाईट याचा विचार मी अजून करते आहे.

दुपारी सगळे खोलीपाशी गेलो. कुलपात खोबरेल तेल सोडलं. मी सवयीनं हात पुढं केला, काजलनं तो दिसला नाही असं दाखवलं. चावी तिसऱ्या झटक्याला फिरली.

पुस्तकं वाळवीनं बरीच नेली, साठेक शाबूत आहेत. खाली कोळ्यांची जाळी, वर पाकोळ्या. आणि समोर फळा. त्यावर तुझं अक्षर, अजून ठसठशीत: 'पुढील सभा रविवारी. सर्वांनी वेळेवर यावे. यशोधरा.'

अंकितनं पुसायला फडकं उचललं. काजलनं नको म्हटलं. आमच्या गटात मतदान न घेता झालेला हा पहिला निर्णय. तिनं खडू घेतला आणि तुझ्या नावाखाली लिहिलं: १ फेब्रुवारी, सकाळी दहा.

चावी आता समोर जिजाबाईंच्या दारात खिळ्याला टांगलेली असते. ज्याला लागेल त्यानं घ्यावी, परत टांगावी. जिजाबाई नोंद ठेवत नाहीत, पण विसरतही नाहीत. अंकितनं पुलगावला फोन केला होता. प्रफुल्लकाका येतो म्हणाले. चहा माझ्याकडून, म्हणाले, मागचा एक उधार आहे.

पहिली आर्वी गाडी पकड. शेवटच्या ओळीत माझ्या शेजारी जागा धरते, दोघींना पुरेल एवढी सुपारी आहे. लोक येतील की नाही याची काळजी करू नकोस. तुझीच सभा आहे, अठ्ठावीस वर्षांची तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. तू एकटी आलीस तरी चालेल.

तुझी,
पौर्णिमा